डोपामिनच्या पुढचा धडा

बाकं भिंतीला सरकवून मी मुलांना दोन रांगांत समोरासमोर उभं करते. एका रांगेच्या हातात चुरगळलेल्या कागदांचे बोळे, दुसरीच्या ओंजळी पुढे केलेल्या. मधली दोन हात मोकळी जागा म्हणजे सिनॅप्स, दोन चेतापेशींमधली फट. बोळे म्हणजे डोपामिन, एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे नेणारं मेंदूतलं रसायन. टाळी वाजली की पहिल्या रांगेनं बोळे फेकायचे. ज्याच्या ओंजळीत बोळा पडेल त्यानं एक हात वर करायचा आणि बोळा खाली सोडून द्यायचा. फेकणाऱ्यांच्या बाजूला तीन मुलं वेगळी ठेवलेली असतात. त्यांचं काम एकच, खाली पडलेले बोळे भराभर उचलून आपल्या रांगेला परत द्यायचे. दोन-चार टाळ्यांत खेळ जमतो. हात वर होतात, खाली येतात, जमीन साफ राहते.

मग मी त्या तिघांना हात मागे घेऊन उभं राहायला सांगते. कोकेन नेमकं हेच करतं. डोपामिन परत गोळा करणारी यंत्रणा ते अडवून ठेवतं. बोळ्यांचा खच पडतो, समोरची मुलं खालचेच बोळे पुन्हा पुन्हा उचलायला लागतात, वर गेलेले हात खाली यायचं नाव घेत नाहीत. वर्गात एकच गलका होतो.

अमली पदार्थ आणि मेंदू या विषयावरचे बहुतेक धडे, चित्रफिती, तक्ते इथेच थांबतात. डोपामिनचा पूर आला, छान वाटलं, म्हणून सवय लागते, म्हणून लांब राहा. एवढ्यावर थांबलेला धडा न शिकवलेलाच बरा, असं मला इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर वाटतं. कारण मुलाच्या हाती त्यातून एवढंच लागतं की एक पदार्थ आहे आणि तो घेतला की खूप छान वाटतं. ही तर जाहिरात झाली.

खरा धडा गलका थांबल्यावर सुरू होतो. मी ओंजळीवाल्या रांगेला सांगते, "बोळे फार झालेत, तुम्ही कंटाळलात, तुमच्यातले निम्मे खाली बसा." फेकणाऱ्यांना सांगते, "समोर आधीच खच पडलाय, तुम्ही कमी फेका." मेंदू असंच करतो. सतत ओरडा कानावर पडायला लागला की तो कान झाकून घेतो. ग्राही, म्हणजे डोपामिन झेलणाऱ्या या ओंजळी, कमी करतो, त्यांची संवेदना बोथट करतो. आता मी त्या तिघांचे हात मोकळे करते, म्हणजे पदार्थ बंद. आणि पुन्हा साधी टाळी वाजवते, सुरुवातीला वाजवली होती तशीच. चार-पाच बोळे येतात, दोन-तीन हात वर होतात, बाकी शांतता.

"मॅडम, आता तर काहीच होत नाहीये," मागच्या वेळी एक मुलगी म्हणाली.

ही टाळी म्हणजे मित्राची हाक, आवडीचं गाणं, जिंकलेला सामना, सकाळचं ऊन. या सगळ्यानं जे व्हायचं ते आता होत नाही. नेहमीच्या प्रमाणात पदार्थ घेतला तर जेमतेम पहिल्यासारखं वाटतं आणि नाही घेतला तर सगळं बेचव. पदार्थ 'अंगवळणी पडला' असं आपण सहज म्हणून जातो, पण त्या वळणाची किंमत अशी असते. मुलांनी हे स्वतः उभं राहून, खाली बसून पाहिलेलं असतं. व्यसन वाईट असतं हे वाक्य मला त्या तासात एकदाही उच्चारावं लागत नाही.

हा विषय शाळेत शिकवावा की नाही यावर पालक आणि शिक्षक यांच्यात वाद होतो तेव्हा एक बाजू म्हणते मुलांना घाबरवा, दुसरी म्हणते विषयच काढू नका. दोन्ही वाटा वापरून झाल्या आहेत. घाबरवण्याचे आणि बजावण्याचे मोठे प्रयोग अमेरिकेत झाले. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' हा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन मुलांना नकार द्यायला शिकवत. देशभर तो पसरला, लोकप्रिय झाला, आणि १९९४ मध्ये त्याच्या अनेक मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावरचा परिणाम नगण्य निघाला. १९८७ मध्ये दूरचित्रवाणीवर तापलेल्या तव्यात फोडलेलं अंडं दाखवून 'हा तुमचा नशेतला मेंदू' असं सांगणारी जाहिरात आली. ती लोकांच्या कायमची लक्षात राहिली, पण त्यातून मेंदूबद्दल कोणी काय शिकलं? पुढे १९९८ पासून चाललेल्या तिथल्या राष्ट्रीय जाहिरात मोहिमेचं सरकारनंच मूल्यमापन करवून घेतलं. तिच्यामुळे मुलांचा गांजाकडचा ओढा कमी झाल्याचं त्यातही दिसलं नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ज्या मुलाला सांगितलं की एकदा घेतलंस तर मेंदू तळून निघेल, त्याच्या ओळखीत एकदा घेतलेला आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेत पहिला आलेला कोणीतरी असतो. मोठ्यांचं एक वाक्य खोटं ठरलं की पुढची दहा खरी वाक्यंही त्याच्यासोबत वाहून जातात. गांजाबद्दल अतिशयोक्ती केली म्हणून हेरॉइनबद्दलचा इशाराही मूल कानाआड करतं, आणि तो इशारा मात्र अक्षरशः खरा असतो. खोटं सांगून मूल वाचवता येईल असं ज्यांना वाटतं त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण विश्वास गमावलेल्या शिक्षकाकडे, मूल खरोखर अडचणीत सापडतं तेव्हा, ते येत नाही.

म्हणून मी पहिल्याच दिवशी कबूल करते की हे पदार्थ घेतल्यावर छान वाटतं. नाही तर लोकांनी ते कशाला घेतले असते? वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं नसतं. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, जो मला हवा असतो: पण का? एका झाडाच्या चिकाचा माझ्या मेंदूशी काय संबंध?

या 'का'मध्ये विज्ञानातली एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. १९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूवर्गीय पदार्थांसाठी ठरावीक ग्राही असतात हे दाखवलं. म्हणजे अफूच्या किल्लीचं कुलूप आपल्या डोक्यात आधीपासून होतं. माणसाच्या मेंदूनं खसखशीच्या बोंडासाठी कुलूप कशाला बनवावं? दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना मेंदूची स्वतःची किल्ली सापडली, एन्केफालिन. वेदना शमवणारं द्रव्य मेंदू स्वतःच तयार करत होता. गांजाची कहाणीही तशीच. त्यातल्या टीएचसी या घटकाची रचना १९६४ मध्ये राफाएल मेशूलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली, आणि ते जिथे जाऊन बसतं तिथे बसणारं मेंदूतलं स्वतःचं द्रव्य १९९२ मध्ये मेशूलाम यांच्याच प्रयोगशाळेत मिळालं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'ॲनंडामाइड', आपल्या 'आनंद' शब्दावरून. हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासाठी मी हा तास दरवर्षी घेते. आनंदाचं द्रव्य बाहेरून आणायचं नसतं, ते मुळात घरचंच आहे, हे त्यांना एका नावातून कळतं.

आणि नुसतं 'काय' सांगून भागत नाही, 'कसं कळलं' हेही सांगावं लागतं. विज्ञान आणि उपदेश यांतला फरक तिथेच आहे. चेतापेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाच्या व्हेगस चेतेला चेतवलं, ठोके मंदावले. त्याभोवतीचं मिठाचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. चेता नव्हती, तरी निरोप पोचला, पाण्यातून. लोवी सांगत की ही कल्पना त्यांना झोपेत सुचली, उठून त्यांनी ती चिठोऱ्यावर खरडली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री ती पुन्हा सुचली तेव्हा ते थेट प्रयोगशाळेत गेले. ज्या मुलाला हे ठाऊक आहे ते उद्या कुठल्याशा चित्रफितीत 'डोपामिन डिटॉक्स' विकणाऱ्या माणसाला विचारेल की तुला हे कसं कळलं. हा प्रश्न विचारायची सवय मला त्या तासातून हवी असते.

डोपामिनबद्दल तर दुरुस्ती करायलाच हवी, कारण 'सुखाचं रसायन' हे त्याचं बिरूद आता घरोघरी पोचलं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी टिपल्या तेव्हा काहीतरी वेगळंच दिसलं. रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की पेशी उसळत. पण दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, की पेशी दिव्यालाच उसळायला लागत आणि रसाला गप्प राहत. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर नेहमीपेक्षाही खाली जात. म्हणजे डोपामिन सुखापेक्षा सुखाच्या चाहुलीबद्दल आणि हिशेब चुकल्याबद्दल जास्त बोलतं. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी पुढे 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मांडलं. व्यसनात पहिली फुगत जाते, दुसरी आटत जाते.

मराठीत हा फरक समजावणं सोपं आहे. आपल्याकडे 'आवड' आहे आणि 'तलफ' आहे. तलफ येते, ती आपण करत नाही, ती आपल्यावर येते. जुना सिगारेट ओढणारा माणूस अगदी सरळ सांगतो की आता मजा काहीच उरली नाही, पण राहवत नाही. शास्त्रज्ञांनी ज्यावर शोधनिबंध लिहिले ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. मुलांना हे समजलं की व्यसनी माणूस मजा मारतोय म्हणून सोडत नाही हा समज गळून पडतो, आणि त्याच्याबद्दलची घृणाही थोडी उतरते. कित्येकांच्या तो घरात असतो.

हे लिहिताना माझ्यासमोर एक मुलगा आहे. तास संपल्यावर तो दप्तर आवरायच्या निमित्तानं रेंगाळला. मी त्या दिवशी दारूबद्दल सांगितलं होतं: मेंदूतल्या रसायनांपैकी गाबा हा ब्रेक आणि ग्लूटामेट हा ॲक्सिलरेटर, दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सोडते, रोज असं होत राहिलं की मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय रोवतो. मग दारू एकदम बंद केली तर? दारूनं दाबलेला ब्रेक गेला, स्वतःचा ढिला केलेला, आणि ॲक्सिलरेटर मात्र तसाच रोवलेला. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, नंतरच्या दिवसांत भ्रम होतात, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, बाबांनी परवा शपथ घेतलीय. कालपासून घेतली नाही. हात फार कापतायत. आई म्हणते सुटतेय म्हणून कापतायत, चांगलं लक्षण आहे."

मी त्याला तिथूनच आईला फोन लावायला सांगितलं. त्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. पुढचं मी इथे लिहिणार नाही, ते त्या घराचं आहे. पण त्या मुलानं धड्यातल्या दोन शब्दांवरून घरात काय चाललंय ते ओळखलं होतं. दारू सोडणं चांगलंच आहे, पण फार पिणाऱ्यानं ती डॉक्टरांच्या मदतीशिवाय एकदम सोडू नये, हे किती घरांत माहीत असतं? 'मनाचा निश्चय कर आणि फेकून दे' एवढंच सांगणाऱ्या भाषणात ही गोष्ट येत नाही. रसायनशास्त्र शिकवलं तरच येते.

अशा जीव वाचवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत, आणि त्या सगळ्या धड्याच्या दुसऱ्या भागात आहेत. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकाच ब्रेकवर दोन पाय ठेवतात, म्हणून दोन्ही एकत्र घेतल्यावर श्वास मंदावून थांबू शकतो. अफूवर्गीय पदार्थांचे ग्राही मेंदूच्या बुंध्यात श्वास चालवणाऱ्या भागातही आहेत, म्हणून ते जास्त प्रमाणात घेतले तर श्वासच थांबू शकतो. नॅलोक्सोन हे औषध त्या ग्राहींवरून त्यांना हुसकावून लावतं आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. पण नॅलोक्सोनचा असर त्या पदार्थाच्या आधी उतरू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णालयात न्यावाच लागतो. आणि सर्वांत क्रूर गोष्ट: काही महिने पदार्थापासून दूर राहिलेल्या माणसाचे ग्राही पूर्ववत होत आलेले असतात. तो घसरतो, जुन्या सवयीनं जुनंच प्रमाण घेतो, आणि तेच प्रमाण आता त्याला मारतं. उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे दिवस म्हणूनच फार धोक्याचे असतात. शेपर्ड सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना एकाच प्रमाणात मोठा डोस दिला. ओळखीच्या खोलीत साधारण एक तृतीयांश मेले, अनोळखी खोलीत जवळपास दोन तृतीयांश. मेंदूची तयारी जागेशीसुद्धा बांधलेली असते.

या सगळ्याला विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मला खरंच विचार करायला लावतं. ते म्हणतात, माहितीनं वागणं बदलत नाही. बरोबर आहे. सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा वाचता येणारे लोकच सिगारेट ओढतात. मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यात ज्या कार्यक्रमांना थोडंफार यश आलं त्यांत गटाचा दबाव कसा हाताळायचा, ताण आला की काय करायचं, याचा प्रत्यक्ष सराव असतो. म्हणून माझी विनंती आहे की मेंदूच्या धड्यावर व्यसनमुक्तीचं ओझं टाकू नका. तो धडा घेतल्यावर किती मुलं सुधारली, हा प्रश्न त्याला विचारू नका. हृदय कसं चालतं हे शिकवल्यावर किती मुलं धावायला लागली असं आपण विचारत नाही. स्वतःचं शरीर समजणं हा मुलांचा हक्क आहे; तेवढं कारण मला पुरतं.

माहिती दिली तर कुतूहल वाढेल, हा दुसरा आक्षेप. कुतूहल आधीच आहे. त्याला उत्तर देणारे लोकही आधीच आहेत, आणि त्यांच्याकडे विकायला माल आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. सगळं रसायनांवर टाकलं तर मूल म्हणेल, मेंदूच बिघडला तर माझ्या हातात काय? ही भीती रास्त आहे आणि अर्धवट धड्यातून ती खरीही ठरते. म्हणून मी व्हिएतनामच्या सैनिकांची गोष्ट सांगते. १९७१ च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइन सर्रास होतं. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला तेव्हा तिथे साधारण पाचातला एक जण व्यसनाधीन झाला होता असं दिसलं. घरी गेल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातल्या फार थोड्यांना, शंभरात पाचेक जणांना, पुन्हा व्यसन लागलं. रसायन तेच, ग्राही तेच. बदलली ती जागा, माणसं, दिवसभराचं काम, उद्याची आशा. ही गोष्ट रसायनशास्त्राच्या विरोधात जात नाही. उलट परिस्थितीही मेंदूत शिरूनच काम करते, हे तिच्यातून दिसतं. एकटेपणा, मार, अपमान, परीक्षेचं भय, हे सगळं त्याच सिनॅप्समधून जातं.

आणखी एक काळजी माझी स्वतःची आहे. वर्गात काही मुलं औषधं घेत असतात, लक्ष लागावं म्हणून, नैराश्यासाठी, अपस्मारासाठी. 'बाहेरून गेलेलं रसायन मेंदू बिघडवतं' असं ठोकून दिलं तर ती मुलं मान खाली घालतात आणि कदाचित घरी जाऊन गोळी बंद करतात. म्हणून वेगाचा मुद्दा शिकवावा लागतो. अतिचंचलतेवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हेही डोपामिन गोळा करणाऱ्या त्याच यंत्रणेला अडवतं जिला कोकेन अडवतं. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात, पोटावाटे ते सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. धुराबरोबर गेलेलं निकोटिन मात्र दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि मेंदू ती झपाट्यानं आलेली लाट पकडून ठेवतो. प्रमाण, वेग आणि वाट यांतून औषध आणि नशा वेगळे होतात.

हे शिकवायला शिक्षकाला वेळ हवा, तयारी हवी, आणि मुलानं काही उघड केलं तर त्याला शिक्षा होणार नाही याची खात्री शाळेनं द्यायला हवी. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. जी शाळा सकाळी मेंदूचा आजार शिकवते आणि दुपारी त्याच कारणासाठी मुलाला काढून टाकते, तिथे सकाळचा धडा कोणी ऐकत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी हे शिकवायला हवं असं मी म्हणते, कारण बक्षिसाकडे धावणारी यंत्रणा त्या वयात जोरात असते आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. पंचविशीत हे सांगून फार उशीर झालेला असतो.

मागच्या वेळी खेळ संपवून मी बाकं लावायला सांगणार तोच खाली बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, "मॅडम, आम्ही परत उभं कधी राहायचं?" हा प्रश्न माझ्या टिपणात नव्हता. मी त्यांना सांगितलं, मेथॲम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ सोडलेल्या लोकांच्या मेंदूचे स्कॅन २००१ मध्ये नोरा व्होल्को यांच्या गटानं प्रसिद्ध केले. बारा ते सतरा महिने दूर राहिल्यावर डोपामिन गोळा करणाऱ्या यंत्रणा बऱ्याच अंशी परत आल्या होत्या, पण स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा नव्हती. "म्हणजे उभं राहता येतं, पण लगेच नाही?" म्हटलं, बघू. मग मी साधी टाळी वाजवत राहिले आणि दर दहा टाळ्यांनी एकाला उठायला सांगितलं. फेकणाऱ्यांचे हात दुखायला लागले. कोणी हसत नव्हतं. प्रत्येक उठणाऱ्याबरोबर वर जाणारे हात थोडे वाढत होते, आणि 'काहीच होत नाहीये' म्हणालेली ती मुलगी मोजत होती. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दोघं जण अजून खालीच बसलेले होते.